वळायला नेलेली गाडी

सरस्वती गेली त्या दिवशी मी उल्हासनगरला होतो. मिक्सरचं भांडं खालून गळत होतं, म्हणून कॅम्प तीनमधल्या दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास अल्पेशचा फोन आला. अल्पेश आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणाला, "काका, लवकर या. काकू सी बिल्डिंगच्या जिन्यात बसल्यात, उठत नाहीत."

"उठत नाहीत म्हणजे?"

"तुम्ही या ना, काका."

उल्हासनगरहून खरवईला यायला आता तीन रिक्षा बदलाव्या लागतात. एक अंबरनाथपर्यंत, दुसरी बदलापूर स्टेशनपर्यंत, तिसरी खरवईच्या नाक्यापर्यंत, आणि पुढे चालत. पहिली रिक्षा भरेपर्यंत निघेना. मी म्हणालो, घरी माणूस आजारी आहे, चल बाबा. तो म्हणाला, "काका, एक सीट बाकी है, बस दो मिनट." दुसऱ्या रिक्षात आनंदनगरच्या कारखान्यांजवळ आलो तेव्हा प्रीतीचा, माझ्या मुलीचा, फोन आला. ती नुसती रडत राहिली. मला कळलं. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही, घरून फोन होता." मिक्सरचं भांडं मांडीवर होतं. ते मी घट्ट धरून बसलो.

घरी पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. हाच रस्ता मी चौदा वर्षं बस घेऊन केला. तेव्हा पंचावन्न मिनिटं लागायची.

सरस्वती एकसष्ट वर्षांची होती. सकाळी सह्या घ्यायला बाहेर पडली होती. ए आणि बी बिल्डिंगच्या सह्या आधी झाल्या होत्या, त्या दिवशी सी बिल्डिंगची पाळी होती. लिफ्ट बंद होती. चार मजले चढून वरून खाली सह्या घेत आली आणि दुसऱ्या मजल्यावर गोजरबाईंच्या दारासमोर पायरीवर बसली. गोजरबाई इथल्या जुन्या गावातल्या. मुलाने फ्लॅट घेतला म्हणून आता बिल्डिंगमध्ये राहतात. त्या मला म्हणाल्या, "मी पानी आनाया आत गेले, नि येतंय तं बायची मान खाली. पानी तसंच ऱ्हायलं हातान."

डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. पाहुणे आले, वंदना झाली, सगळे गेले. प्रीतीही आणखी चार दिवस राहून अंबरनाथला तिच्या घरी गेली. तिची मुलगी शाळेत जाते, तिला राहून चालणार नव्हतं. मग मी सरस्वतीची पिशवी उघडली. जिन्यातून आणलेली ती पिशवी खुंटीवर तशीच होती. तिच्यात चष्मा, निळं पेन, आलेपाकाच्या वड्या आणि अर्ज होता. अर्जाला जोडलेल्या कागदांवर तीनशे अकरा सह्या होत्या.

अर्ज बसचा होता. आमच्या भागात नव्या बसगाड्या येणार, आणि जे मार्ग पूर्वी चालू होते आणि मधल्या काळात बंद पडले ते आधी सुरू करणार, असं कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. सरस्वतीने ते मला तीनदा वाचून दाखवलं. तिचे गुडघे दुखायचे. नाक्यापासून घरापर्यंतचा रस्ता तिला जड जायचा. पण ती स्वतःसाठी करत नव्हती. ती अंगणवाडीत सेविका होती, तिच्या हाताखालून गेलेल्या मुली आता क्लासहून येतात तेव्हा रिक्षावाले आत यायला नाही म्हणतात. ते तिला सहन व्हायचं नाही. ती म्हणायची, "अहो, गाडी येत होती इथे. आपण भीक मागत नाही. आपली होती ती परत द्या म्हणतोय."

अर्जाचा पहिला परिच्छेद तिच्या अक्षरात असा होता: 'सन १९९८ ते २०१२ या काळात उल्हासनगर ते खरवई हा बसमार्ग अधिकृतपणे सुरू होता. माझे पती सुदाम हे स्वतः त्या मार्गावर चालक होते. मार्गाच्या पाटीचा फोटो सोबत जोडला आहे.'

यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

म्हणून त्या बसची हकीकत जशी झाली तशी सांगतो.

आमचा मार्ग कागदावर उल्हासनगर ते बदलापूर स्टेशन एवढाच होता. उल्हासनगरहून सुटायची, अंबरनाथ, आनंदनगर करत बदलापूर स्टेशनला संपायची. सकाळी कारखान्यांचे कामगार असायचे, दुपारी बाजाराच्या बायका. अडचण एकच होती. स्टेशनबाहेर गाडी वळवायला जागा नव्हती. भाजीवाले, टांगे, रिक्षा, त्यातून मोठी गाडी मागे घ्यायची म्हणजे कंडक्टरला खाली उतरून पंधरा मिनिटं शिट्ट्या माराव्या लागत. माझा कंडक्टर हिंदुराव. तो मूळचा देशावरचा, तासगावकडचा. त्याचा आवाज मोठा होता म्हणून निभायचं. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी मागे घेताना एका बाईच्या काकडीच्या पाटीला चाक लागलं. तिने हिंदुरावला अशा शिव्या दिल्या की तो म्हणाला, "सुदाम, उद्यापासून मी उतरणार नाही. तू गाडी उचलून फिरव."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी तशीच पुढे काढली. खरवईत दौलतरावांच्या खळ्याशेजारी मोकळी जागा होती. तिथे एका झटक्यात गाडी वळली. दौलतराव खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "वळवा रोज. फक्त भात पडलेलं असंल तवा हॉर्न द्या." आम्ही रोज तिथे जाऊ लागलो. आमचं बघून दुसऱ्या पाळीचेही जाऊ लागले. डेपोतल्या साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "कुठे वळता ते मला सांगू नका. गाडी घासली नाही म्हणजे झालं."

त्याच महिन्यात मी खरवईत घर बघितलं होतं. तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये चाळीत राहायचो. दहा बाय दहाची खोली, प्रीती लहान. खरवईत स्वस्तात दोन खोल्या मिळत होत्या. सरस्वतीने जागा बघितली आणि नाही म्हणाली.

"इथे काय आहे? शेतं आणि कुत्री. स्टेशनला जायचं कसं?"

"गाडी येते ना."

"कुठली गाडी?"

"माझी."

"तुमची गाडी स्टेशनपर्यंत जाते. मला शिकवू नका."

"आता इथपर्यंत झालीय."

हे मी बोलून गेलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही करून घेतली?" मी हो म्हणालो. ती हसली. आमच्या लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झाली होती, आणि माझ्या हातून काहीतरी झालं असं तिला पहिल्यांदा वाटलं असावं. त्या हसण्यामुळे पुढचं सगळं झालं.

गाडीवर खरवईची पाटी हवी होती. मी कॅम्प तीनमधल्या एका सिंधी पेंटरकडे गेलो. त्याला पत्रा दिला, काळ्यावर पिवळी अक्षरं सांगितली. तो म्हणाला, "ड्राइवर साहब, सरकारी बोर्ड है तो सरकार लिखेगी. मेरे पास क्यों?"

"साईं, अर्जंट आहे."

"बीवी के लिए इतना अर्जंट पहली बार देखा," तो म्हणाला. मी त्याला बायकोचं काहीच सांगितलं नव्हतं. कसं ओळखलं कोण जाणे.

आनंदनगर सोडलं की हिंदुराव ती पाटी काचेत लावायचा. परत जाताना काढून सीटखाली ठेवायचा. स्टेशनला लोक उतरत नसत, बसून राहत. स्टेशनच्या पुढचं तिकीट नव्हतंच, तर फाडणार कुठून? गाव चौदा वर्षं फुकट आलं. हिंदुरावला बायका वालाच्या शेंगा, गवार, पावसाळ्यात शेवळं आणून देत. तो म्हणायचा, "सुदाम, पाटी तू लावलीस आणि भाजी मला मिळते. तुझ्या घरी मात्र बायको खूश. म्हणजे हिशोब बरोबर."

तपासणीवाले स्टेशनवर दिसले की हिंदुराव ओरडायचा, "गाडी गरम झाली, उतरा सगळे!" लोक उतरून चालत खरवईला जायचे. त्यात सरस्वतीही असायची. घरी येऊन ती डेपोला शिव्या घालायची. "असली भंगार गाडी देतात तुम्हाला. तुम्ही लिहून का देत नाही?" मी भाकरी खाली बघून खायचो.

सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी सांगता आलं असतं, तेव्हा ती चिडली असती आणि विसरली असती. पण तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अंगणवाडीत, नातेवाइकांत, विहारात. आमच्या ह्यांनी गाडी आणली. लोक मला मान द्यायला लागले. मग दरवर्षी सांगणं जास्त कठीण झालं.

गाडी बंदही तशीच झाली. दोन हजार बारामध्ये स्टेशनबाहेरची जागा मोकळी झाली. गाडी तिथेच वळायला लागली. इकडे दौलतराव वारले आणि त्यांच्या खळ्यावर पाया खोदला गेला. आता तिथे आमच्या सोसायटीची सी बिल्डिंग आहे. गाडी बंद केल्याचा कागद निघाला नाही, कारण सुरू केल्याचाच निघाला नव्हता. नंतर मूळ मार्गही बंद झाला. पाटी मी घरी आणली होती. बारवी धरणाचं पाणी एक दिवस येतं, एक दिवस नाही, म्हणून गॅलरीत पिंप भरून ठेवतो. त्याच्यावर झाकण म्हणून ती पाटी ठेवलेली असते. तिचाच फोटो सरस्वतीने अर्जाला जोडला होता.

बसच्या ऑफिसात भेटीची तारीख आधीच मिळालेली होती. सरस्वती गेल्यापासून एकोणिसाव्या दिवशी. अल्पेश घरी आला. चहा घेतला नाही, उभ्यानेच बोलला.

"काका, बरं नसेल वाटत तर मी जातो. पण तुम्ही आलात तर काम होईल. तुम्ही स्वतः ड्रायव्हर होता. तुमच्यासारखा पुरावा नाही."

मी म्हणालो, येतो. दुसरं काय म्हणणार?

आदल्या दिवशी हिंदुरावला फोन केला. तो रिटायर होऊन गावी गेला आहे. सरस्वतीचं त्याला कळलं होतं, त्यावर थोडं बोललो. मग मी अर्जाचं सांगितलं.

तो म्हणाला, "तू वहिनींना सांगितलंच नाहीस?"

"नाही."

"चौदा वर्षं?"

"त्यानंतरची बारा पण धर."

"अरे गाढवा," तो म्हणाला. "मला वाटायचं घरात तुम्ही दोघं हसत असाल यावर."

"आता उद्या काय बोलू?"

"पाटी घेऊन जा आणि गप्प बस. सव्वीस वर्षांपूर्वीचं कोण बघतंय? मी पण सही करून पाठवतो पाहिजे तर." मग म्हणाला, "की नको पाठवू? तू सांग. मला काय ते सुचत नाही."

एकोणिसाव्या दिवशी अल्पेश आणि मी ऑफिसात गेलो. पाटी मी जुन्या चादरीत गुंडाळून घेतली होती. तिथे शलाका नावाच्या बाई होत्या, पस्तिशीच्या असतील. चांगलं बोलल्या. अर्ज पूर्ण वाचला. एवढं वाचणारं कुणी मी ऑफिसात बघितलं नव्हतं.

"अर्जदार तुमच्या मिसेस?"

अल्पेशने सांगितलं, काय झालं ते. बाईंनी पेन खाली ठेवलं. "सॉरी, काका. सह्या घेतानाच?"

"हो."

त्यांनी पाटी बघितली. हात लावून बघितली. "खरी दिसते. आमच्याकडे खरवई यादीत नाही, पण जुन्या याद्या अपुऱ्याच आहेत. असं करू, ही पाटी आणि चालक म्हणून तुमचं लेखी, एवढ्यावर मी पहिल्या यादीत घालते. पुढे जुन्या रेकॉर्डशी पडताळणी होईल. इथे सही करा."

अल्पेशने माझ्या गुडघ्याला गुडघा लावला. म्हणजे करा.

मी चष्मा लावला. खाली छापलं होतं, माहिती खोटी आढळल्यास अर्जदारास जबाबदार धरून तशी नोंद घेतली जाईल. अर्जदार या शब्दापुढे सरस्वतीचं नाव होतं. उद्या कुणी जुनं रेकॉर्ड काढलं तर तिच्या नावापुढे खोटं असं लिहिलं जाणार होतं. ती त्या वेळी उत्तर द्यायला असणार नव्हती. उत्तर माझ्याकडेच होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "पाटी मी रंगवून घेतलीय."

"म्हणजे?"

"मार्ग स्टेशनपर्यंतच होता. खरवईला आम्ही गाडी वळवायला न्यायचो."

अल्पेश म्हणाला, "काका, काय बोलताय?"

मग मी सगळं सांगितलं. काकडीपासून. बाई ऐकत होत्या. मधेच एकदा त्यांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. "म्हणजे अख्खं गाव चौदा वर्षं तुमच्या वळणावर बसून आलं?"

"हो."

"आणि मिसेसना माहीत नव्हतं."

"नाही."

त्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "मग हा मला घेता येणार नाही. घेतला तर तुम्हीच अडकाल. नवीन मार्ग म्हणून मागा. नवीन अर्ज, नवीन सह्या, कारण या सह्या या मजकुराखालच्या आहेत. दुसऱ्या यादीत जाईल. वेळ लागेल, वर्षभर तरी. एकतीस तारखेच्या आत द्या." मग हळू आवाजात म्हणाल्या, "चौदा वर्षं लोक बसत होते हे मात्र जरूर लिहा. ते खरं आहे ना?"

"ते खरं आहे."

बाहेर आल्यावर अल्पेश रस्त्यातच उभा राहिला.

"तोंड बंद ठेवायचं ना, काका! देत होती ती! माझी पोरगी आठ वाजता नाक्यावरून एकटी चालत येते, माहितीय ना?"

"माहितीय."

"मग? आता काकूंचं काय राहिलंय त्यात? त्या तर गेल्या."

तो रागात होता, आणि चुकीचं बोलत नव्हता. रिक्षात तो माझ्या शेजारी बसला. उतरताना पाटी त्याने घेतली आणि नाक्यापासून घरापर्यंत त्यानेच उचलून आणली.

मी नवा अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं नाही. तीनदा लिहिला. 'सन १९९८ ते २०१२ या काळात बस खरवईत वळवण्यासाठी येत असे व गावातील लोक तिने प्रवास करत. हा मार्ग अधिकृत नव्हता. तसा समज चालक सुदाम याने करून दिला होता.' हे वाक्य खोडावं असं दोनदा वाटलं. ठेवलं.

सह्या घेताना प्रत्येक दारात ते सांगावं लागतं. पहिला अर्ज का गेला नाही, असं सगळेच विचारतात. ए बिल्डिंगमधले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे सरस्वतीताई आम्हाला खोटं सांगत होत्या?" मी म्हणालो, त्या नाही, मी. त्यांनी सही केली, पण दार जरा जोरात लावलं. बी बिल्डिंगमध्ये एक जण हसत सुटला, बायकोला हाक मारून बोलावलं, पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. दिवसाला दहा-बारा दारं होतात. मग पाय दुखतात आणि बोलायचा कंटाळा येतो.

गोजरबाई खाली बाकावर भेटल्या. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

"गारी येत व्हती ना?" त्यांनी विचारलं.

"येत होती."

"आमी बसत व्हतो ना?"

"बसत होता."

"मंग खोटं काय त्यान?" त्या म्हणाल्या. "बायला तू सांगाला पायजे व्हतं, त्यंच एक खोटं. सही देते, पन घरी ये. ह्यं बाकावर नाय. घरी येऊन च्या पी नि मंग ने."

त्यांचं घर सी बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आता चालू झाली आहे, पण दार त्याच पायरीसमोर उघडतं.

आज सव्वीस तारीख आहे. ए आणि बी मिळून दोनशे सात सह्या झाल्या. जुन्या गावातल्या सह्या प्रीती रविवारी येऊन घेणार आहे. सी बिल्डिंगच्या सह्या अजून घ्यायच्या राहिल्या आहेत.